तुपाची बोटं

कापूस पाणी पीत नाही, हे मला जबलपूरला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. माझं गाव वर्धेकडचं. तिकडे वेचणीच्या दिवसांत केसांत कापूस, कानांत कापूस, भाकरीच्या पदरातसुद्धा कापूस. पण तो पाण्यात टाकला तर काय होतं हे पाहायला सवड कोणाला? दवाखान्यांसाठी कापूस बनवणाऱ्या शेडवर माझ्या पहिल्या दिवशी तिथल्या साहेबांनी पाण्याने भरलेल्या घमेल्यात दोन पुंजके टाकले. एक तरंगत राहिला, जसा काही पाण्याशी त्याचा संबंधच नाही. दुसरा क्षणभर थांबला, एका अंगाला झुकला आणि सरळ तळाला गेला.

“जो तैर रही है वो तुम्हारे गाँव की रुई,” साहेब म्हणाले, “और जो डूब गई वो हमारी. हमें डूबने वाली चाहिए. समझीं?”

मी मान हलवली. समजलं काहीच नव्हतं. पण परक्या गावी मी कशालाही मान हलवत असे. नाही म्हटलं तर गाडीत बसवून परत पाठवतील ही भीती, आणि परत जायला घर उरलं नव्हतं.

वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. शाळा तिथेच थांबली. आईला मामाने नेलं, भाऊ दुसऱ्याच्या शेतावर राहिला, आणि माझं काय करायचं यावर ओसरीत माणसं बसली. काकू तेराव्याला आली होती. वडिलांच्या लांबच्या चुलतभावाची बायको, मी तिला त्याआधी फार तर एकदा पाहिलं असेल. ती माणसांचं बोलणं थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “हिले मी नेते. आमच्या इथं एक ताट वाढलं तं काही घर बुडत नाही.” बस, एवढंच. माझ्या उरलेल्या सगळ्या आयुष्याचा निकाल त्या दोन वाक्यांत लागला. आजही कोणी माझा पाहुणचार केला की आधी कृतज्ञता येते आणि तिच्या मागोमाग धाक येतो, की हे कधी काढून घेतील.

काकूचं घर जबलपूरच्या गढा भागात. काका लढाईचं सामान बनवणाऱ्या फॅक्टरीत होते. सकाळी भोंगा झाला की अर्धी गल्ली सायकलींवर निघायची. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. एकुलता एक मुलगा फौजेत. मी त्याला दादा म्हणे. सुटीवर आला की तो मला “काय व मास्तरीण” म्हणून चिडवायचा, कारण मी घरात आलेला प्रत्येक छापील कागद वाचत बसायचे, पुड्यांचेसुद्धा. मी मोठी झाल्यावर काकूनेच मला शेडवर लावून दिलं. ती आधीपासून तिथे होती.

शेड लांब, पत्र्याची, हिवाळ्यात थंडगार. एका टोकाला भट्टी. तिथे कापूस कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात शिजायचा, मग ब्लीचिंगच्या हौदात पांढरा व्हायचा, मग धुणं, पिळणं, वाळवणं, पिंजणं. साहेब सांगत, कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ लेप असतो. झाडाला आपलं बोंड पावसात कुजू द्यायचं नसतं, म्हणून. तो लेप शिजवून काढला की कापूस उघडा पडतो, आणि उघडा पडला की पितो. साहेब ‘सोखना’ म्हणत. आम्ही बाया पिणंच म्हणत असू. ही रुई पिते, ती पीत नाही, ही आज उशिरा प्यायली. तान्ह्या मुलाविषयी बोलावं तसं.

दुसऱ्या टोकाला आम्ही. लांब टेबलांशी बसून गॉजच्या पदरांमध्ये कापसाची गादी घालायची, कडा दुमडायच्या, बांधायच्या नाड्या जोडायच्या, कागदात गुंडाळून जंतू मारायला वाफेच्या पेटीत पाठवायचं. एरवी बाळंतिणींच्या गाद्या असायच्या, दवाखान्याचा साधा कापूस असायचा. त्या हिवाळ्यात लढाई लागली आणि बाकी सगळं बाजूला पडलं. फक्त जखमेच्या पट्ट्या.

साहेब तेव्हा एक नवी पट्टी जमवत होते. जुन्या पट्टीतून रक्त सरळ पार यायचं. बाहेर डाग उमटला की त्याच ओल्या वाटेने बाहेरची घाण आत जाते, असं ते म्हणत. त्यांना रक्त आडवं पसरायला हवं होतं. त्यासाठी ते मधला थर दाबून पातळ करत, तंतू एकदा उभे एकदा आडवे रचत, आणि सगळ्यात बाहेर, पाठीच्या बाजूला, न शिजवलेल्या कापसाचा एक थर लावत. तरंगणाऱ्या, माझ्या गावच्या कापसाचा. पिणारा आत, न पिणारा बाहेर. रोज नवा थर, रोज नवी मोडतोड. मला ते पाहायला फार आवडायचं. शाळेत मला एवढं कधी काही आवडलं नव्हतं.

पारखायला पातळ काही तरी लागायचं. रक्त पाण्याहून दाट, म्हणून पाण्यात डिंक विरघळवलेला. पहिल्या दिवशी साहेबांनी त्यात घालायला लाल रंग मागितला. एका बाईने भाबडेपणाने कुंकवाची डबी पुढे केली. साहेब चिमूट घेणार तोच काकू उठून उभी राहिली.

“साहब, कुंकू नहीं. यहाँ कितनियों के आदमी उधर गए हैं. कुंकू पट्टी में उतरते नहीं देखा जाएगा.”

साहेबांनी डबी लगेच मिटून परत दिली. ते ओशाळले होते. मग त्यांनी खिशातलं पेन पाहिलं, आणि टेबलाच्या खणातून शाईची दौत काढली. तेव्हापासून आमच्या शेडमध्ये रक्त निळं होतं. दिवसभर आम्ही निळं रक्त थरांमध्ये पसरताना पाहायचो. मला स्वप्नात निळी माणसं दिसायला लागली. ती बोलत नसत, नुसती रांगेत बसलेली असत, शेडमध्ये आम्ही बसायचो तशी.

दादा पश्चिमेच्या आघाडीवर कुठेतरी होता. लढाई लागल्यापासून त्याची काही खबर नव्हती. काका रेडिओजवळ बसत आणि बातम्या संपल्या की उगाच बटण फिरवत राहत. काकूने लाख वातींचा नेम धरला. आमच्याकडे बाया धरतात: लाख फुलवाती वळायच्या आणि देवापुढे उजळायच्या, कोणाच्या तरी जिवासाठी. तिने बोलून घेतलं, की पोरगा दारात उभा राहीपर्यंत हात थांबवणार नाही. थांबला हात, तर... हे वाक्य तिने कधी पूर्ण केलं नाही. पुरं करायची गरज नव्हती. ती हे शब्दशः मानत होती, आणि तिच्या पाठोपाठ मीही.

फुलवात कशी करतात ते ठाऊक असेल. कापसाचा एवढासा गोळा, त्याचं टोक अंगठा आणि पहिल्या बोटात धरून पीळ द्यायचा. टोक सुटू नये म्हणून बोटाला दुधाचा नाही तर तुपाचा हात. काकूने एक लहान डबी तुपाची ठेवली होती. घरी वळायची, चुलीशी वळायची, आणि शेडवर जेवणाच्या सुटीतही वळायची. पिंजणाखाली पडलेला स्वच्छ भुगा घ्यायला साहेबांची हरकत नव्हती.

तिला एकटीला वळताना पाहून आधी मी बसले. मग टेबलावरच्या आणखी दोघी. मग सिहोऱ्याहून बसने येणारी ती बाई, जिभेची तिखट, जिला शेडमध्ये सगळ्या भीत.

“अरी बाई, अकेली बटती रहोगी तो लड़का लौट के दादा-नाना बन जाएगा,” ती म्हणाली. “लाओ इधर.”

काकूने डबी सरकवली. तिने वळलेली पहिली वात काकूने उचलून उजेडात धरली. “हे का आहे? वात आहे का उंदराचं शेपूट?”

“मराठी में गाली दे रही है,” सिहोऱ्याची बाई आम्हांला म्हणाली, “पर मैं समझ गई.”

मग रोजचंच झालं. भाकरी खाऊन झाली की सगळ्या जणी हौदाच्या कठड्यावर, उन्हाला पाठ करून, एक डबी हातोहात फिरतेय आणि मांडीवर वातींचे ढीग. कोणाचा नवरा गेलेला, कोणाचा भाऊ, कोणाचं कोणीच नाही. सगळ्या एका मुलासाठी वळत होत्या. मला त्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं, की या गावात आपलं कोणी आहे.

टेबलावर बसण्याआधी हात धुवायचे, हा नियम होता आणि आम्ही तो पाळत होतो. हौदाचं पाणी, साबणाची वडी, सगळं. आता सांगते तेव्हा मलाच नवल वाटतं. तुपाची वाटी थंड पाण्याने निघत नाही, हे स्वयंपाकघरात आमच्यातल्या कोणाला सांगावं लागलं नसतं. तूप थिजून आणखी चिकटतं. पण हात हेही एक भांडं आहे, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. त्यात कॉस्टिकने हात फुटलेले, भेगाभेगांत तूप मुरलेलं, बरंच वाटायचं. आणि देवाचं तूप ते. देवाचं तूप लागलं म्हणजे हात घाण झाले, असं कुठल्या बाईला वाटेल?

साहेब पारख करायचे ती वाळलेल्या, पिंजलेल्या कापसाची. तो नेहमी बुडायचा. एक दिवस नव्या थरांची रचना कशी वागते ते पाहायला त्यांनी आमच्या टेबलावरच्या तयार पट्ट्या उचलल्या. मी जवळच होते. त्यांनी निळं पाणी ओतलं. ते छान आडवं पसरत गेलं, साहेबांना हवं होतं तसंच, आणि मध्येच दोन ठिकाणी थांबलं. थेंब तिथे टपोरे होऊन बसले. साहेबांनी पट्टी तिरपी केली, थेंब घरंगळून गेले, आणि निळ्या गॉजवर दोन पांढरे ठसे राहिले. एक मोठा, एक लहान. अंगठा आणि त्याच्याशेजारचं बोट. रेषासुद्धा दिसत होत्या.

त्यांनी दुसरी घेतली. तिच्यावर तेच. तिसरीवर वेगळ्या हाताचे, बारीक. ते माझे होते. मग वाफेच्या पेटीतून निघालेली एक फोडली. तिच्यात ठसे नव्हते. वाफेने तूप वितळून आत उतरलं होतं, आणि बोटांच्या जागी कापसात दोन पांढरे ढग झाले होते.

“हाथ में क्या लगाती हो तुम लोग?” साहेबांनी विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

सिहोऱ्याच्या बाईनेही हात पदराखाली घेतले. काकू उठली, खिडकीतली डबी आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

“किसका है?”

“देवाचं,” ती मराठीत म्हणाली. मग तिला सुचलं, की त्यांना कळलं नसेल. “मेरा है, साहब. ये लोग मेरे लिए कर रही थीं.”

साहेबांनी डबी उघडून वास घेतला. मिटली. मग एकदम शेडच्या दाराकडे पाहिलं. आदल्या दिवशी तिथे तयार पट्ट्यांची खोकी रचलेली होती. आता जागा मोकळी होती. ते फोनकडे धावले. चष्मा टेबलावरच राहिला.

काही खोकी स्टेशनावरून परत आली. बाकीची पुढे गेली होती. पुढे म्हणजे कुठे, हे तेव्हा कोणी कोणाला सांगत नसे. नुसतं ‘पुढे’.

साहेब परत आले तेव्हा काकू अजून तिथेच उभी होती. तिने विचारलं, “साहब, कोई मरेगा क्या?”

साहेबांनी चष्मा उचलून पुसला. पुसतच राहिले. “नहीं, माँजी. बाकी रुई तो पिएगी. बस... थोड़ी देर से पिएगी.”

ते खरं बोलत होते. एवढ्या वर्षांत मी जे शिकले त्यावरून सांगते, पट्टीतल्या दोन कोरड्या जागांनी सहसा कोणी दगावत नाही. पण त्यांनी ‘देर से’ म्हणण्याआधी जो श्वास घेतला, तो काकूने ऐकला.

त्याच दुपारी भट्टीवर पाणी तापवलं. सगळ्यांनी गरम पाण्याने, भरपूर साबण लावून हात धुतले. मग एकेकीने गॉजवर बोटं दाबायची आणि साहेब वरून निळं पाणी सोडायचे. आमची बोटं साफ निघाली. काकूची नाही. तिच्या भेगांत कितीतरी दिवसांचं तूप होतं. तिने पुन्हा धुतले, पुन्हा दाबले, पुन्हा ते दोन पांढरे डोळे निळ्यातून वर पाहायला लागले. साहेबांना तिची दया आली. “माँजी, कुछ दिन धुलाई पर बैठ जाइए. बाती घर में बटिए, उसे कौन मना करता है.”

मला वाटलं सुटलो. कोणाला काढलं नाही, आम्हांला हाकललं नाही. घरी येताना मी रस्ताभर बोलत होते. काकू, तुम्ही वाती वळा, धुलाईवर बसा, तुमच्या वाटच्या पट्ट्या मी करते, कोणाला कळणार नाही, दोन्ही होईल. ती नुसती चालत राहिली. घरी खिडक्यांना, विमानांना उजेड दिसू नये म्हणून, काळे कागद चिकटवलेले होते. तिने देवापुढे त्या दिवसाच्या वाती लावल्या आणि त्यांच्या उजेडात आपले हात पाहत बसली.

“धुलाईवाल्या बी कापसालेच हात लावते ना,” ती म्हणाली. “हात तं हेच.”

“पण नेम, काकू?”

“पाह्य,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी साधा होता, जसं काही भाजी चिरताना बोलतेय. “तिकडं त्याले लागलंच काही, तं जे पट्टी बांधतीन ते कोणीतरी बाईच करून राहिली असंल ना. आपल्यासारखीच. कुठंतरी. तिनं तुपाचा हात लावला नाही पाहिजे, असं मले वाटते. वाटते का नाही? मंग मी कशी लावू?”

तिने उरलेल्या वाती फडक्यात बांधल्या आणि कोनाड्यात वर ठेवून दिल्या. लाखाच्या कितीतरी अलीकडे तिने हात थांबवला. ज्या हाताने तो जिवंत राहणार होता असं ती मानत होती, तो हात तिने स्वतः थांबवला. मी तिथे होते. मला तेव्हा रडू आलं नाही, भीती वाटली. मला वाटलं, दादा आता गेला.

काकांना दुसऱ्या दिवशी कळलं. “काहून?” ते ओरडले. “अर्ध्यात सोडतात का असं? पोरगं तिकडं अन तू...” त्यांच्याकडूनही वाक्य पुरं झालं नाही. दोघं दोन दिवस बोलली नाहीत. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी मी चुलीशी होते. काका फॅक्टरीतून आले, पाय धुतले, आणि कोनाड्यातलं फडकं काढून देवापुढे मांडी घालून बसले. नखांत ग्रीस, बोटं जाड. गोळा घेतला, पीळ दिला, तो सुटला. पुन्हा दिला.

काकू दारात उभी राहून पाहत होती. “ह्या का वाती आहेत? ह्या तं अळ्या आहेत.”

“असू दे.”

“असा नेम दुसऱ्यानं पुरा करता येते का? अन माणसानं?”

काकांनी मान वर केली नाही. “देवाले का फक्त आईच दिसते?” ते म्हणाले. “बाप दिसत नाही?”

काकू हसली. त्या महिन्यात पहिल्यांदा हसली आणि हसता हसताच भिंतीला टेकून खाली बसली. पुढे रोज संध्याकाळी काका वाती वळायचे. पण तिने ते जमेस धरलं नाही. नेम तिचा होता आणि तो तिने मोडला होता. ती फुलवातींकडे पाहायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कोणा परक्याच्या घरातलं लग्न पाहावं तसं काही तरी असायचं.

हातांसाठी ती रोज राख आणि गरम पाणी घ्यायची. घासून घासून भेगा फाटल्या. एक दिवस साहेबांच्या निळ्या पाण्याखाली तिची बोटं उमटली नाहीत आणि ती टेबलावर परत आली. तेव्हा तिच्या बोटांतून रक्त यायचं. गादीला डाग लागू नये म्हणून ती बोटांना आमच्याच गॉजची चिंधी बांधायची. आमच्या शेडमध्ये लाल रक्त दिसलं ते पहिल्यांदा तिचं. आम्ही सगळ्या त्याच्याकडे पाहतच राहिलो. इतके दिवस निळ्याची सवय झालेली.

लढाई संपली. गढ्यात लोकांनी पेढे वाटले, खिडक्यांचे काळे कागद ओरबाडून काढले. आमच्या खिडक्यांचे राहू दिले. दादाचं काही कळलं नव्हतं, आणि काकूला घरात उजेड नको होता. मग एका दुपारी आम्ही शेडवरून परत आलो तर घराला कुलूप आणि पायरीवर तो बसलेला. डाव्या दंडाला पट्टी, दाढी वाढलेली, बाजूला ट्रंक. शेजारणीने दिलेला चहा पीत होता.

“काय व मास्तरीण,” तो मला म्हणाला, आणि मग आईकडे पाहून त्याने चहाचा कप खाली ठेवला.

काकूने त्याला जवळ घेतलं नाही. तोंडावरून हात फिरवला नाही. ती त्याच्या समोर पायरीवर बसली आणि दंडावरच्या पट्टीला दोन बोटं लावून पाहिली. कडेला, मग मध्ये.

“ही नाही,” ती म्हणाली. “आधीची. लागलं तवा जे बांधली ते. ते लवकर प्यायली का रे?”

“काय?”

“रक्त. लवकर प्यायली का थांबली?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. “आई, मले का आठवते,” तो म्हणाला. “मी तं शुद्धीत नव्हतो.”

तो जगला. दंड थोडा वाकडा राहिला एवढंच. त्याचं लग्न झालं, मुलं झाली. काकांना वाटे त्यांच्या वातींनी आणला. काकूला तसं वाटलं नाही. पण तिला उलटही वाटलं नाही. नेम मोडूनही तो आला, याचा तिला आनंद करता आला नाही, कारण तिचं सगळं लक्ष दुसरीकडे होतं. ती खोकी पुढे गेली होती. तिथे कोणाचा तरी मुलगा होता. ती हे बोलत नसे. फक्त तेवढा एक प्रश्न विचारायची, दादा सुटीवर आला की, जेवताना, मध्येच. एकदा तो वैतागून ओरडला, “हाव आई, प्यायली! एका घोटात प्यायली! आता पुरे!” “खोटं बोलतोस,” एवढंच ती म्हणाली, मायेने, आणि त्याला आणखी भात वाढला.

साहेबांची पट्टी त्यानंतर जमली. आम्ही ती बरीच वर्षं केली. नंतर दिवस बदलले, बाळंतिणींच्या गाद्या, मग बायकांच्या महिन्याचे पॅड, थर रचण्याचं ते सगळं मी साहेबांकडून शिकत गेले. माझ्या अर्ध्या शाळेवर मला ते शिकवणारा माणूस मिळाला, हे माझं नशीब. आता लहान मुलांच्या लंगोटांत एक पांढरी पूड असते. पाणी पडलं की ती फुगून जेली होते आणि काही केल्या परत सोडत नाही. मी ती पहिल्यांदा तळहातावर ओली करून पाहिली तेव्हा डोळ्यांपुढे साहेब आले. त्यांना केवढा आनंद झाला असता. आणि लगेच लक्षात आलं, की मी ओल्या जेलीत माझ्या बोटांचे ठसे शोधत होते. ओली भिंत वाळते, ओली फरशी वाळते, कुठेही एखादी जागा आधी कोरडी झाली की मला तिथे अंगठा आणि बोट दिसतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. हे सांगण्यासारखं काय आहे?

काकू थकली तेव्हाची गोष्ट. काका वारले होते. मी तिला घेऊन सदरला, छावणीच्या बाजारात, गेले होते, चपला घ्यायला. बाजारात फौजी पोरं फिरत होती. एका दुकानापुढे एक तरणाबांड पोरगा उभा, अंगावर वर्दी, कोपराला पट्टी. काकूने माझा हात सोडला. मी अडवेपर्यंत ती त्याच्यासमोर होती.

“बेटा, इस पट्टी ने खून जल्दी पिया था क्या?”

तो गोंधळला. त्याचा मित्र हसला. “माँजी, कोई जंग-वंग नहीं हुई,” तो पोरगा म्हणाला. “साइकिल से गिरा हूँ. इसी ने गिराया.”

“हाँ, पर पिया था क्या?”

मी मधे पडले, “माफ करना भैया, इनका...” म्हणायला लागले. पण त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो काकूचा चेहरा पाहत होता. काय दिसलं त्याला कोण जाणे. त्याने कोपर वाकवला आणि तिच्यापुढे धरला, जसं काही डॉक्टरला दाखवावं.

काकूने पट्टी चाचपली. डाग मध्ये होता, लहान, वाळलेला. कडेला आलेला नव्हता, पार आलेला नव्हता. तिने तो अंगठ्याने दाबला, वास घेतला, पुन्हा दाबला.

“अच्छी है,” ती म्हणाली. “किसने बनाई?”

“पता नहीं, माँजी,” तो म्हणाला. “किसी ने बनाई होगी.”

“हाव,” काकू म्हणाली. “कोणीतरी केली असंल.”

तिने कोपर सोडला नाही. माणसं आमच्या बाजूने वाट काढत जात होती. त्याचा मित्र आता हसत नव्हता. तो पोरगा तसाच हात धरून उभा राहिला, आणि मीही तिला ओढलं नाही.